पिंपाचा धनी कोण?

घरी केलेल्या बिअरचे पिंप हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभतो की नाही, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असल्यास ती स्वाभाविकच आहे. आपल्याकडे मद्याचा विषय निघाला की प्यावे की न प्यावे या एकाच वळणाने तो जातो. तो वाद मोठा आहे आणि त्याची जागा त्याला आहेच. परंतु आज आम्हांला बोलावयाचे आहे ते पेयाविषयी नव्हे, तर पात्राविषयी. एखादी वस्तू ज्या भांड्यात साठवतात त्या भांड्याचा इतिहास पुष्कळदा त्या वस्तूहूनही अधिक काही सांगून जातो. धान्य घरच्या कणगीत आहे की सावकाराच्या कोठारात आहे, यावर शेतकऱ्याचे सारे वर्ष अवलंबून असते. धान्य तेच, दाणाही तोच. पण कणगीचा धनी वेगळा आणि कोठाराचा धनी वेगळा. युरोप-अमेरिकेत बिअरची कथा नेमकी अशीच झाली आहे. ती घरातून निघाली, कारखान्यात गेली, आणि आपल्या डोळ्यांदेखत, निदान काही अंशाने, घरी परत आली. ती परत आली ती एका टाकून दिलेल्या पोलादी भांड्यातून. त्या भांड्याची ही हकीकत आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'पिंप' हा आपल्या घरात रुळलेला शब्द पोर्तुगीजांच्या 'पिपा'वरून आला. त्यांच्या गलबतांतून मद्य, तेल आणि गोडे पाणी लाकडी पिंपांत भरून येई. पुढे इंग्रजांची जहाजे येऊ लागली, तेव्हा गोऱ्या शिपायांसाठी आणि साहेबांसाठी बिअरची पिंपे मुंबई, मद्रास, कलकत्ता या बंदरांत उतरू लागली. आज आपण पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या टाकीलाही पिंपच म्हणतो. पण मूळचे पिंप लाकडाचे, आणि ते करणारा कारागीर फार मोठ्या योग्यतेचा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेवले आहे की, आल्प्स पर्वताच्या आसपासचे लोक आपले मद्य लाकडी पात्रांत ठेवतात आणि त्यांना कडी बसवतात. खिळा नाही, सरस नाही. ओकच्या पट्ट्या तासून, वाफेवर किंवा आगीवर वाकवून, एकीला एक भिडवून वर कडी ठोकावयाची. आत द्रव भरला की लाकूड फुगते आणि सांधे आपोआप घट्ट होतात. पिंपाचे पोट फुगीर का, याचेही कारण आहे. आडवे पाडले की ते जमिनीला थोड्याच जागी टेकते, म्हणून एकटा माणूस मणावारी ओझे घरंगळत नेऊ शकतो आणि पाहिजे तिकडे वळवू शकतो. इंग्लंडात या पिंपांची मापे ठरून गेली होती: ३६ गॅलनांचे ते 'बॅरल', त्याच्या निम्मे १८ गॅलनांचे 'किल्डरकिन', आणि त्याच्याही निम्मे, ९ गॅलनांचे, 'फर्किन'. याहून लहान पिंपांना 'केग' म्हणत. आज जगभर चालणारा 'केग' हा शब्द मुळात असा लहानग्या पिंपाचा आहे.

आता हे पिंप भरणारे हात कोणाचे होते? मध्ययुगीन इंग्लंडात ते बहुधा बायकांचे होते. जव भिजवून, मोड आणून, भाजून त्याचा माल्ट करावयाचा. तो गरम पाण्यात कालवून गोड रस काढावयाचा. आणि तो आंबवावयाचा. हे काम स्वयंपाकाचाच एक भाग समजले जाई. त्या काळच्या 'एल'मध्ये हॉप्सची कडू फुले नसत, त्यामुळे ती थोड्याच दिवसांत आंबट होई. आज केलेली संपली नाही तर शेजारणीला विकावयाची, आणि पुढच्या आठवड्यात तिने केली की तिच्याकडून घ्यावयाची, असा तो व्यवहार होता. तेराव्या शतकातच सरकारने पाव आणि एल यांचे भाव बांधणारा कायदा केला होता, आणि गावोगाव चव घेऊन परीक्षा करणारे अधिकारी नेमलेले असत.

नंतर समुद्रापलीकडच्या सखल प्रदेशातून हॉप्सची चाल आली. हॉप्समुळे बिअर टिकू लागली. ही गोष्ट दिसावयास लहान, पण तिचे परिणाम मोठे झाले. जी वस्तू टिकते ती साठवता येते, जी साठवता येते ती दूर पाठवता येते, आणि साठवण व वाहतूक करावयाची तर मोठी भांडी, वखारी व भांडवल लागते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढील दोन-अडीच शतकांत हा धंदा घरच्या बायकांच्या हातून सुटला आणि पैसेवाल्या पुरुषांच्या हाती गेला. कोणी तो हिसकावून घेतला असे म्हणण्यापेक्षा, भांडे मोठे झाले आणि ते घरात मावेना, असे म्हणणे अधिक खरे होईल.

ते किती मोठे झाले याची एक भयंकर साक्ष आहे. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमधील एका बिअर-कारखान्यात बावीस फूट उंचीच्या लाकडी हौदाचे एक लोखंडी कडे निसटले. असे पूर्वीही होत असे, म्हणून कोणी फारसे लक्ष दिले नाही. तासाभरात हौद फुटला, त्याच्या धक्क्याने शेजारची पिंपे फुटली, आणि बिअरचा लोंढा भिंत पाडून मागच्या गरीब वस्तीत शिरला. आठ जण दगावले. बायका आणि मुले त्यांत होती. कड्याची देखभाल कारखान्याची आणि मरण वस्तीचे, असा तो हिशेब होता. भांड्याच्या धन्यावर देखभालीची जबाबदारी किती मोठी असते, हे या घटनेवरून लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण पुढे घरच्या पिंपाविषयी बोलताना हीच गोष्ट आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

घरी बिअर करणे इंग्लंडात पूर्णपणे बंद मात्र कधी झाले नाही. १८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर उठवला आणि त्याऐवजी बिअरवर कर बसवला, तेव्हा घरी करणाऱ्यालाही परवाना घेणे भाग पडले. हे बंधन १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकले. मधल्या या ८३ वर्षांत शास्त्र आणि यंत्र या दोहोंनी बिअरचे भांडे पार बदलून टाकले होते. तो बदल समजून घेतल्याशिवाय पुढची कथा उलगडणार नाही.

बिअरला जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड वायूचा. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव साखर खातात, तेव्हा अल्कोहोल आणि हा वायू अशा दोन गोष्टी तयार होतात. १७६७ च्या सुमारास लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली नावाचे एक धर्मोपदेशक बिअरच्या कारखान्याशेजारी राहत असत. आंबणाऱ्या हौदांवर जो जड वायू साचून राहतो त्याविषयी त्यांना कुतूहल वाटले, आणि तो पाण्यात मुरवता येतो हे त्यांनी दाखवून दिले. १७७२ साली त्यांनी याची कृतीच छापून प्रसिद्ध केली. आज आपण ज्याला सोडावॉटर म्हणतो त्याचा जन्म असा बिअरच्या हौदावर झाला. पुढे १८०३ साली विल्यम हेन्री यांनी नियम मांडला की, द्रवात किती वायू विरघळेल हे त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात ठरते. दाब दुप्पट केला की वायूही दुप्पट मुरतो. शिवाय द्रव जितका थंड तितका वायू त्यात अधिक मावतो. घरी पिंप लावणारा मनुष्य हेन्रीचे नाव जाणो वा न जाणो, तो रोज त्याच नियमाने चालत असतो.

आणि हा दाब कोंडून कसा ठेवावयाचा, याचा एक सुंदर नमुना आपल्या सर्वांच्या माहितीचा आहे. तो म्हणजे गोळी सोडा. हायरम कॉड या इंग्रज कारागिराने १८७२ साली या बाटलीचे पेटंट घेतले. तिच्यात बूच बाहेरून ठोकलेले नसते. आतला वायूच काचेची गोळी वर रेटतो आणि तोंड बंद करतो. जितका दाब अधिक, तितके तोंड घट्ट. ही युक्ती श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. ती पुढे उपयोगी पडेल.

लाकडी पिंपाला मात्र असा दाब फारसा सोसत नाही. इंग्लंडातील पिंपातली बिअर जिवंत असे. तिच्यात यीस्ट शिल्लक असे आणि ती तळघरात आपली आपण मुरत राही. जोसेफ ब्रामा यांनी १७९७ साली घेतलेल्या पेटंटातल्या हातपंपाने ती वर ओढता येऊ लागली. परंतु जेवढी बिअर बाहेर येई तेवढी हवा आत शिरे, आणि तोटी लागल्यापासून थोड्याच दिवसांत पिंप संपवावे लागे. ते कधी उघडावे, गाळ कधी बसला, केव्हा थांबावे हे तळघराच्या राखणदाराला कळावे लागे. लाकूड धुणे हेही जिकिरीचे; त्याच्या रंध्रांत जंतू लपून बसत. १८७६ साली लुई पाश्चर यांनी बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून बिअर बिघडते ती नको त्या जंतूंमुळे, हे सिद्ध केले. १८८३ साली डेन्मार्कमध्ये एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी यीस्टचे शुद्ध वाण वेगळे काढले. येथून पुढे स्वच्छता हा बिअरच्या धंद्याचा पाया ठरला.

या शास्त्राचा स्वाभाविक शेवट म्हणजे धातूचे केग. १९३० च्या दशकात लंडनच्या वॉटनी कंपनीने गाळलेली, पाश्चरच्या पद्धतीने तापवून निर्जंतुक केलेली आणि वायूच्या दाबाने भरलेली बिअर धातूच्या केगमध्ये घालून पाहिली. ती आठवडेच्या आठवडे टिके, कोठेही सारखी लागे, आणि राखणदाराच्या कौशल्याची तिला गरजच उरली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९६० च्या दशकात, ब्रिटनमधील मोठ्या कंपन्यांनी हीच बिअर सर्वत्र पसरवली. लहान कारखाने विकत घेतले गेले, गावोगावच्या चवी लोपल्या, आणि गिऱ्हाइकाने मागितले नसताना त्याच्या पुढ्यात केग आले. त्यावर १९७१ साली चार मित्रांनी एक चळवळ सुरू केली. 'कॅमरा' या नावाने ती प्रसिद्ध आहे. पिंपातली जिवंत बिअर वाचवा आणि केगला नकार द्या, असा तिचा एकंदर पुकार होता. सामान्य गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन मोठ्या कंपन्यांना माघार घ्यावयास लावली, अशा थोड्या उदाहरणांत हिची गणना होते. इंग्लंडात केग हा शब्द त्या काळी जवळजवळ शिवीसारखा झाला होता.

आणि येथेच इतिहासाने एक गंमत केली आहे. त्याच दशकात, अटलांटिक महासागराच्या पलीकडे, सामान्य लोकांची दुसरी एक चळवळ उभी राहत होती. आणि तिने केगलाच आपले म्हटले.

अमेरिकेत जानेवारी १९२० पासून डिसेंबर १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करण्याची मुभा कायद्याने मिळाली, पण बिअरची मुभा मात्र राहून गेली. पुढे पंचेचाळीस वर्षे घरी बिअर करणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हाच होता. लोक करीत ते चोरून, माल्टच्या अर्काचा डबा आणि पाव भाजावयाचे यीस्ट घेऊन. आणि पुष्कळदा ती पेय म्हणण्याच्या लायकीची नसे. इकडे कारखान्यांची संख्या घटत घटत १९७० च्या दशकाच्या अखेरीस शंभराच्या आत आली होती. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली, आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून घरी बिअर करणे केंद्रीय कायद्याने मोकळे झाले. दोन किंवा अधिक प्रौढ माणसे असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, एकट्याला १०० गॅलन. विकावयाची मात्र नाही. राज्यांचे कायदे वेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ साली परवानगी दिली. १९७८ सालीच कोलोराडोतील बोल्डर गावी चार्ली पापाझियन या शिक्षकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी बिअर करणाऱ्यांची अमेरिकन संघटना स्थापन केली.

आता परवानगी मिळाली, पण भांडे कोठले? पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर बिअर केली की तिच्यासाठी पन्नासएक बाटल्या धुवाव्या लागत, निर्जंतुक कराव्या लागत, भरून बुचे बसवावी लागत. प्रत्येक बाटलीत थोडी साखर घालावयाची, म्हणजे उरलेले यीस्ट ती खाऊन वायू तयार करते. साखर कमी पडली तर बिअर मिळमिळीत, अधिक झाली तर बाटली फुटते. कारखान्याचे केग असते ते साडेपंधरा गॅलनांचे, आणि मुख्य म्हणजे ते कारखान्याच्या मालकीचे. ते घरी ठेवून घेणे म्हणजे चोरीच.

हे भांडे आले ते अनपेक्षित वाटेने. सोडा-फाउंटनच्या दुकानांत शीतपेयाचा पाक पाच गॅलनांच्या पोलादी टाक्यांतून येई आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने वर ढकलला जाई. कॉर्नेलियस नावाच्या अमेरिकन कंपनीवरून या टाक्यांना 'कॉर्नी' केग म्हणतात, जरी त्या इतरही कारखान्यांत होत. कोका-कोलाच्या टाक्यांना खिट्ट्यांची जोडणी असे, पेप्सीच्या टाक्यांना गोळ्यांची. एकीची नळी दुसरीला बसत नसे. पुढे १९८० आणि १९९० च्या दशकांत या धंद्याने पुठ्ठ्याच्या खोक्यातील प्लॅस्टिकच्या पिशवीतून पाक पाठवावयास सुरुवात केली. पिशवी हलकी, परत आणावयाची कटकट नाही. रातोरात नव्हे, पण थोड्या वर्षांत, हजारो उत्तम पोलादी टाक्या भंगाराच्या भावाने बाजारात आल्या. घरी बिअर करणाऱ्यांनी त्या उचलल्या. प्रीस्टलींच्या काळी बिअरच्या हौदाने सोड्याला जन्म दिला होता. दोनशे वर्षांनी सोड्याने आपले भांडे देऊन ते ऋण फेडले, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

हे पात्र आहे तरी कसे? उभे, गोल, स्टेनलेस स्टीलचे नळकांडे. माथ्यावर दोन खांब. एकाखाली आखूड नळी, ती वायू आत सोडते. दुसऱ्याखाली लांब नळी, ती तळापर्यंत जाते आणि बिअर वर आणते. मधोमध हात घालून घासता येईल एवढे लंबगोल तोंड. झाकणही लंबगोल, ते तिरके करून आत घालावयाचे आणि आतून वर ओढून बसवावयाचे. आतला दाब ते काठाला घट्ट दाबून धरतो. श्रोत्यांच्या लक्षात आले असेलच, ही गोळी सोड्याचीच युक्ती आहे. झाकणावर दाब सोडण्याची एक झडप असते. आपल्या कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांचे काम ती करते. आणि कुकरप्रमाणेच इथेही सारे काही रबरी रिंगांवर अवलंबून: एक मोठी झाकणाला, आणि लहान चार, खांबांना व नळ्यांना.

पिंप लावण्याची रीत थोडक्यात अशी. जुने केग आणले की प्रथम दाब पूर्ण सोडून द्यावा, मग खांब, नळ्या, रिंगा सुट्या कराव्यात. रबरी रिंगा सगळ्या बदलाव्यात. शीतपेयाचा वास रबरात असा मुरलेला असतो की कितीही धुतला तरी जात नाही. भांडे कोमट पाण्यात ऑक्सिजन सोडणाऱ्या क्षाराने धुवावे. घरातले क्लोरिनचे ब्लीच वापरू नये. ते स्टीलला बारीक खड्डे पाडते, आणि त्या खड्ड्यांत जंतूंना बिऱ्हाड मिळते. मग अन्नास योग्य असे जंतुनाशक काठोकाठ भरून ते वायूच्या दाबाने बाहेर लोटावे, म्हणजे भांडे स्वच्छही होते आणि आत हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड राहतो. आंबून तयार झालेली बिअर नळीने तळाशी हळूच सोडावी, उंचावरून ओतू नये. कारण हवेतील प्राणवायू तिची चव शिळी करतो. झाकण बसवून क्षणभर तीसएक पौंड दाब द्यावा, म्हणजे रिंग नीट बसते. आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. घरी गॅसची शेगडी जोडताना आपण जे करतो तेच हे.

पुढे केग शीतकपाटात ठेवून, तीन-चार अंश सेल्सियसला, दर चौरस इंचाला दहा-बारा पौंड दाब लावून ठेवावा. आठ-पंधरा दिवसांत हेन्रीचा नियम आपले काम करतो. तीच बिअर पंधरा-सोळा अंशांवर ठेवली तर तेवढ्याच वायूसाठी जवळजवळ दुप्पट दाब लागेल. तोटीपर्यंतची नळी बारीक, म्हणजे आतून इंचाच्या तीन-सोळांश, आणि पाच ते दहा फूट लांब ठेवतात. नवख्याला वाटते की एवढी लांब नळी कशाला. पण दाब त्या नळीतच घर्षणाने हळूहळू उतरतो. नळी आखूड केली की पेल्यात बिअर कमी आणि फेस फार.

येथवर झाली ती उभारणी. खरी कसोटी देखभालीची. कारखान्यात लाकूडकाम करणारा एक, तळघर राखणारा दुसरा, धुणारा तिसरा. घरी ही सारी माणसे आपणच. तोटी आणि नळ्या दर दोन आठवड्यांनी धुणे, हा दुकानदारांनाही सांगितलेला नियम आहे. कारण आत बारीक बुरशी आणि बिअरचा एक दगडी थर चढतो. हा थर कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो आणि साध्या साबणाने निघत नाही. त्यासाठी अधूनमधून आम्लाची धुलाई लागते. रिंगांना अन्नास योग्य असे वंगण लावावे, वाळलेली चीर दिसताच बदलावे. एखाद्या सांध्यातून वायू सुई-एवढ्या छिद्राने जरी निसटत असला तरी रात्रीतून नळकांडे रिकामे होते. नळकांड्यात किती वायू उरला हे दाबाच्या काट्यावरून कळत नाही. आत द्रव आहे तोवर काटा तेथेच असतो, आणि संपत आला की एकदम पडतो. ते वजन करूनच पाहावे लागते. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचे तसेच आहे.

यात धोका नाही असे कोणी समजू नये. रेग्युलेटरशिवाय नळकांडे केगला जोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. कार्बन डायऑक्साइड हवेहून जड. तो खाली साचतो, आणि बंद खोलीत गळती झाली तर माणूस गुदमरून मरतो, म्हणून हवा खेळती पाहिजे. दाब सोडल्याशिवाय कोणतेही केग उघडू नये. २०१२ साली अमेरिकेतील एका मोठ्या बिअर-कारखान्यात दाबाखाली साफ होत असलेले प्लॅस्टिकचे केग फुटून एक तरुण कामगार ठार झाला. १८१४ च्या त्या लोखंडी कड्याची आठवण येथे पुन्हा येते. दोनशे वर्षांत लाकूड गेले, पोलाद आणि प्लॅस्टिक आले. पण दाबाचा नियम काही बदलला नाही, आणि दुर्लक्षाचे फळही बदलले नाही.

आता मघाच्या कोड्याकडे वळू. इंग्लंडातील गिऱ्हाइकांनी केगला शत्रू मानले आणि अमेरिकेतील घरगुती कारागिरांनी त्याला मित्र केले, हे कसे? आमच्या मते दोघेही बरोबर होते. इंग्लंडात केग कंपनीच्या हाती होते. त्याने राखणदाराचे कौशल्य आणि गिऱ्हाइकाची निवड दोन्ही काढून घेतली, आणि बदल्यात सोय दिली. अमेरिकेत तेच भांडे अशा माणसाच्या हाती पडले, ज्याला सोय नको होती असे नाही, पण जो सोयीबरोबर कामही पत्करत होता. नळी किती लांब, दाब किती, केव्हा धुवावयाचे, हे तो स्वतः ठरवीत होता आणि चुकले तर स्वतः भोगत होता. भांड्यात गुण किंवा दोष फारसा नसतो. तो येतो धन्याकडून, आणि धनीपण येते ते देखभालीतून.

या घरच्या अभ्यासाचा बाहेरही परिणाम झाला. १९७६ साली कॅलिफोर्नियात जॅक मॅकऑलिफ यांनी न्यू अल्बियन हा चिमुकला कारखाना काढला, तो शीतपेयाच्या पाकाची जुनी पिंपे वापरून. त्याच राज्यात घरी बिअर करणाऱ्यांना सामान विकणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी १९८० साली दूधधंद्यातील जुनी भांडी जुळवून सिएरा नेवाडा या कारखान्याची पहिली बिअर केली. शंभराच्या आत आलेली कारखान्यांची संख्या २०२३ साली नऊ हजारांच्या वर होती. या हजारोंतील कितीतरी जणांनी आपला पहिला धडा घरच्या पाच गॅलनांच्या टाकीवर गिरवला आहे. मोठ्या धंद्याने टाकून दिलेल्या भांड्यातून लहान धंद्याचा पुनर्जन्म झाला, हा अर्थशास्त्राच्या पुस्तकात घालण्याजोगा दाखला आहे.

आपल्या राज्यात मात्र, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि त्यात घरच्या बिअरचाही समावेश होतो. तेव्हा ही हकीकत ऐकून कोणी उद्या माल्ट शोधावयास निघावे, असा आमचा हेतू नाही. कायदा असा असावा की तसा, हा विचार नागरिकांनी सभागृहात आणि मतपेटीत करावयाचा, चोरून नव्हे. अमेरिकेतील लोकांनाही पंचेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली, आणि मोकळीक मिळाली तीही विक्रीच्या मनाईसह.

परंतु पिंपाच्या या कथेत बिअरपलीकडचे काही आहे, आणि ते आपल्याही कामाचे आहे. घरात पूर्वी होणाऱ्या किती गोष्टी आज बाहेर होतात! पापड, लोणचे, दळण, विणकाम, औषधाचा काढा. त्या बाहेर गेल्या तेव्हा आपण सोय मिळवली, आणि त्यांचे ज्ञान गमावले. त्यांतले काही परत घरी आणावेसे वाटले, तर केवळ हक्क मागून भागत नाही. कारखान्यातील दहा माणसे जे काम करीत होती ते शिकावे लागते, आणि उत्साह ओसरल्यावरही दर पंधरवड्याला करीत राहावे लागते. अमेरिकेच्या संसदेने घरच्या बिअरला एका सहीने मोकळीक दिली; पण ती बिअर पिण्याजोगी झाली ती हजारो घरांतील लोकांनी रबरी रिंगा बदलल्या, नळ्या धुतल्या आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे मोजले म्हणून. पिंपाचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर विकत घेतल्याच्या पावतीवर मिळत नाही. जो ते धुतो, तोच त्याचा धनी.